फुग्यापासून स्टेंटपर्यंत : हृदयाच्या अवरुद्ध रक्तवाहिन्यांवरील नळीद्वारे उपचारांचा एक अभ्यास



वार्षिक अहवालात ताळेबंद असतो, जमाखर्च असतो, देणगीदारांची नामावली असते. ‘स्टेंट व हृदयोपचार साहाय्य’ अशी एक ओळही खर्चाच्या बाजूस असते. त्या ओळीपुढील रक्कम सर्वांना दिसते. परंतु ती रक्कम ज्या उपचारासाठी खर्ची पडते तो उपचार कसा विकसित झाला, त्यात सिद्ध किती व संशयास्पद किती, हे सहसा कोणी सांगत नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि रुग्णालयाच्या प्रशासनाचा सेवक आहे. त्यामुळे हा विषय येथे हिशेब पाहणाऱ्याच्या दृष्टीने मांडला आहे. प्रत्यक्ष रुग्णासंबंधीचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच, हे प्रारंभीच नमूद करतो.

१. विकार नेमका कोणता?

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला करोनरी नावाच्या रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतो. वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेला मेद आदी कारणांनी त्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचतात. मार्ग फारच अरुंद झाला की जिना चढताना, भरभर चालताना छातीत दाटून येते. थांबल्यावर बरे वाटते. हा झाला स्थिर स्वरूपाचा विकार.

हृदयविकाराचा झटका ही याहून निराळी घटना आहे. मेदाच्या थरावरील पातळ आवरण अचानक फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी पूर्ण बंद होते. पुढील स्नायू रक्ताविना मरू लागतो. विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, असे फाटणारे थर पुष्कळदा फारसे मोठे नसतात. त्यांनी आदल्या दिवसापर्यंत मार्ग अर्ध्याहून कमीच अडविलेला असू शकतो. स्थिर विकार आणि झटका यांतील हा भेद ज्याला उमगला, त्याला या लेखातील पुढचा बराचसा भाग आपोआप उमगेल.

२. नळी हृदयापर्यंत कशी पोहोचली

कॅथेटर म्हणजे बारीक, लवचीक, पोकळ नळी. जिवंत माणसाच्या हृदयात अशी नळी घालणे हे शंभर वर्षांपूर्वी अविचाराचे मानले जाई. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने वरिष्ठांची अनुमती नसताना स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी आत सरकविली, तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले आणि नळी हृदयात पोहोचल्याचे दाखविले. त्या वेळी त्याच्या वाट्याला कौतुक आले नाही. पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. अमेरिकेतील आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी हे तंत्र शास्त्रशुद्धपणे वाढविले आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

१९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करीत असताना, चित्रात दिसणारे द्रव्य अनपेक्षितपणे थेट करोनरी वाहिनीतच गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे रुग्ण दगावावयास हवा होता. तो वाचला आणि वाहिनीचे स्पष्ट चित्र मिळाले. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो तिचा आरंभ असा झाला. अडथळा कोठे व केवढा आहे, हे आता दिसू लागले.

दिसणारा अडथळा नळीनेच दूर करता येईल, हा विचार अमेरिकेतील पोर्टलंड येथील क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांचा. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायातील अरुंद रोहिणी एकाहून एक जाड नळ्या घालून रुंद केली. पाय कापण्यास त्या बाईंनी नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. तरीही डॉटर यांच्या पद्धतीकडे त्यांच्याच देशात बराच काळ दुर्लक्ष झाले. तिचा खरा स्वीकार युरोपात झाला.

३. झुरिच येथील फुगा

युरोपातील त्या अनुयायांपैकी एक म्हणजे आंद्रेआस ग्रुंट्झिग. जाड नळी घुसविण्याऐवजी बारीक नळीच्या टोकाशी फुगा बसवावा, तो अडथळ्यात नेऊन फुगवावा आणि थर भिंतीशी दाबून मार्ग मोकळा करावा, अशी त्यांची कल्पना होती. साधा रबरी फुगा जेथे प्रतिकार कमी तेथे फुगतो आणि अडथळ्यापाशी चिंबलेला राहतो. ठरावीक व्यासापर्यंतच फुगणारे व त्यापुढे न ताणणारे द्रव्य हवे होते. ते त्यांना पीव्हीसी या प्लॅस्टिकमध्ये सापडले. झुरिच येथील राहत्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, सहकाऱ्यांच्या साहाय्याने हे फुगे हाताने तयार झाले. १९७४ मध्ये पायाच्या रोहिणीवर प्रयोग झाला. पुढे कुत्र्यांच्या करोनरी वाहिन्यांवरील प्रयोग १९७६ मध्ये अमेरिकेतील परिषदेत मांडण्यात आले.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे ३८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हृदयाची अरुंद वाहिनी फुग्याने मोकळी करण्यात आली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. शल्यचिकित्सक बायपाससाठी सज्ज होते. त्यांची आवश्यकता पडली नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही ती वाहिनी खुली होती.

परंतु या लेखाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो ग्रुंट्झिग यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल. त्यापैकी ३२ रुग्णांत उपचार सफल झाला. सरासरी ८४ टक्के असलेला अडथळा ३४ टक्क्यांवर आला. पाच रुग्णांना तातडीची बायपास करावी लागली, हेही त्यांनी त्याच कागदावर लिहिले. बायपासयोग्य रुग्णांपैकी फार तर १० ते १५ टक्क्यांनाच हा उपचार लागू पडेल, असा त्यांचा अंदाज होता आणि शस्त्रक्रिया व औषधे यांच्याशी याची रीतसर तुलना झाली पाहिजे, असेही त्यांनी स्वतःच बजावले. नफ्याबरोबर तोटाही त्याच पानावर दाखविणारा असा हिशेब आमच्या क्षेत्रातही आदर्शच मानावा लागेल. १९८० मध्ये ते अमेरिकेतील अटलांटा येथे गेले आणि १९८५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

४. जाळीचा आधार

फुग्याचे दोन दोष लवकरच स्पष्ट झाले. काही रुग्णांत मोकळी केलेली वाहिनी काही तासांतच पुन्हा मिटे व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागे. आणि सुमारे तिघांपैकी एकाच्या वाहिनीत सहा महिन्यांच्या आत पुन्हा अडथळा होई.

खचणाऱ्या विहिरीला आतून कडे द्यावे तसे वाहिनीला आतून धातूच्या जाळीचे कडे देणे, हा त्यावरील उपाय ठरला. त्यालाच स्टेंट म्हणतात. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्यूएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी मानवी हृदयात असे स्टेंट प्रथम बसविले. पुढे ज्युलिओ पाल्माझ व रिचर्ड शॅट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा, फुग्यावर बसवून फुलविण्याचा स्टेंट आला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनी त्याचे महत्त्व सिद्ध केले. युरोपातील चाचणीत पुन्हा अडथळा होण्याचे प्रमाण नुसत्या फुग्याने ३२ टक्के, तर स्टेंटने २२ टक्के आढळले.

धातूचे कडे हे रक्ताच्या दृष्टीने परके द्रव्य. त्यावर गुठळी धरू शकते. आरंभी रक्त पातळ करणारी तीव्र औषधे दिली जात व रक्तस्राव होई. पुढे जाळी अधिक दाबाने नीट फुलविणे आणि ॲस्पिरिनच्या जोडीला रक्तकणिकांना एकत्र येऊ न देणारे दुसरे औषध देणे, या दोन साध्या सुधारणांनी स्टेंट सुरक्षित झाला. अशा औषधांपैकी बहुसंख्य रुग्णांच्या परिचयाची गोळी म्हणजे क्लोपिडोग्रेल. या गोळीचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

याच सुमारास नळी घालण्याची जागाही बदलली. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे डॉ. फर्डिनांड किमेनेई यांनी जांघेऐवजी मनगटाच्या रोहिणीतून अँजिओप्लास्टी करून दाखविली. त्यामुळे रक्तस्राव कमी झाला आणि रुग्णाला लवकर उठून बसता येऊ लागले.

५. औषधवेष्टित स्टेंट आणि मातीचा एक नमुना

स्टेंटच्या आतही शरीर नवा ऊतक वाढविते आणि मार्ग पुन्हा अरुंद होतो. ही वाढ रोखणारे औषध जाळीवरच लेपावे, ही पुढची पायरी. त्यासाठी जे औषध प्रथम उपयोगी पडले त्याची कथा आपणा भारतीयांना विशेष वाटावी अशी आहे.

१९६४-६५ मध्ये कॅनडाच्या एका पथकाने प्रशांत महासागरातील रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटावरील मातीचे नमुने आणले. माँट्रियल येथील औषध प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतील जिवाणूंपासून एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या नावावरून त्यास रॅपामायसिन म्हटले गेले. आज ते सिरोलिमस या नावाने ओळखले जाते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ती प्रयोगशाळा बंद झाली व संशोधन थांबले. सेहगल यांनी मात्र नमुना टाकून न देता स्वतःच्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. काही वर्षांनी संशोधन पुन्हा सुरू झाले आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राझीलमधील साओ पावलो येथे डॉ. एदुआर्दो सौझा यांनी सिरोलिमस लेपलेले स्टेंट रुग्णांना प्रथम बसविले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३८ रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के रुग्णांत पुन्हा अडथळा आढळला. औषधवेष्टित स्टेंटमध्ये एकाही रुग्णात आढळला नाही. वैद्यकजगतात असा निर्विवाद फरक क्वचितच पाहावयास मिळतो. थोड्याच वर्षांत हे स्टेंट सर्वत्र वापरात आले.

२००६ मध्ये मात्र काळजीचा सूर उमटला. पहिल्या पिढीच्या या स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनंतरही अचानक गुठळी होण्याचा धोका दिसून आला. वाढ रोखणारे औषध जखम भरून येण्यासही विलंब लावत होते. त्यावर उपाय म्हणून जाळीच्या तारा बारीक झाल्या, औषध धरून ठेवणारे लेप अधिक निर्धोक झाले. पहिल्या सिरोलिमस स्टेंटची तार सुमारे १४० मायक्रॉन जाड होती. आज ६० ते ८० मायक्रॉनच्या तारा प्रचारात आहेत.

६. जे टिकले नाही

उपचाराची प्रगती सरळ रेषेत होते, असा समज होऊ नये म्हणून एका अयशस्वी साधनाचाही उल्लेख आवश्यक आहे. काम झाल्यावर विरघळून जाणारा स्टेंट ही कल्पना कोणालाही पटावी अशी होती. ‘ॲब्सॉर्ब’ नावाचा असा स्टेंट युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता पावला. भारतातही तो वापरला गेला. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील १,८४५ रुग्णांच्या चाचणीत, दोन वर्षांत गुठळी होण्याचे प्रमाण त्यात ३.५ टक्के, तर धातूच्या औषधवेष्टित स्टेंटमध्ये ०.९ टक्के आढळले. त्याच वर्षी त्याची विक्री थांबविण्यात आली.

नवे आणि महाग ते अधिक गुणकारी असेलच असे नाही, हा धडा येथे मिळतो. विरघळणाऱ्या स्टेंटवरील संशोधन अन्य स्वरूपात चालू आहे व ते चालू राहावयासच हवे. प्रयोग करणाऱ्या संस्था निराळ्या. धर्मादाय निधीतून खरेदी करणारी संस्था निराळी.

७. लाभ कोणाला व किती?

देणगीदारांनी सर्वाधिक विचारपूर्वक वाचावा असा हा भाग आहे.

झटका येऊन वाहिनी पूर्ण बंद झालेल्या रुग्णाला तातडीची अँजिओप्लास्टी प्राणरक्षक ठरते, याविषयी दुमत नाही. येथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी खुली व्हावी, हे सर्वमान्य उद्दिष्ट आहे. जेथे हे शक्य नाही, तेथे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तत्काळ देऊन रुग्णास पुढे पाठविणे हितावह ठरते.

स्थिर विकाराचे चित्र वेगळे आहे. २००७ मध्ये २,२८७ रुग्णांच्या, आणि २०२० मध्ये भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तम औषधोपचाराला अँजिओप्लास्टीची, किंवा दुसऱ्या चाचणीत आवश्यकतेनुसार बायपासची, जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. छातीतील दुखणे मात्र अनेकांचे कमी झाले. ते दुखणे खरोखर स्टेंटमुळेच कमी होते काय, हे तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये काही रुग्णांवर केवळ उपचाराचा आभास निर्माण करण्यात आला. २०१७ च्या पहिल्या चाचणीत पुरेशी औषधे चालू असताना लक्षणीय फरक दिसला नाही. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत, वेदनाशामक हृदयौषधे बंद ठेवलेल्या ३०१ रुग्णांत, स्टेंटमुळे दुखणे निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले.

पहिल्या परिच्छेदात सांगितलेला भेद येथे उपयोगी पडतो. स्टेंट एका ठिकाणचा अडथळा दूर करतो. झटका मात्र दुसऱ्याच कुठल्या लहान थरामुळे येऊ शकतो. सर्व थर शांत ठेवण्याचे काम औषधे, आहार, व्यायाम आणि तंबाखूचा त्याग हेच करतात.

कोणता अडथळा उपचारास पात्र आहे हे ठरविण्याचे साधनही आता उपलब्ध आहे. वाहिनीत बारीक तार घालून अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजतात. हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा महत्त्वाचा मानतात. २००९ मध्ये १,००५ रुग्णांच्या चाचणीत, केवळ चित्र पाहून उपचार केलेल्या गटात दर रुग्णास सरासरी २.७, तर दाब मोजून उपचार केलेल्या गटात १.९ स्टेंट लागले. एका वर्षातील मृत्यू, झटका वा पुनरुपचार यांचे एकत्रित प्रमाण १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आले. स्टेंट कमी, लाभ अधिक. खर्च वाचविणारे आणि रुग्णाचेही हित साधणारे साधन प्रशासकाला इतके स्पष्ट क्वचितच भेटते.

८. अलीकडील साधने

चुनखडीसारख्या कठीण झालेल्या अडथळ्यांत फुगा फुलत नाही. अशा ठिकाणी हिऱ्याचे सूक्ष्म कण बसविलेले, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणारे लहानसे गिरमिट १९९० च्या दशकापासून वापरात आहे. मुतखडा फोडण्यासाठी ध्वनिलहरींचे जे तंत्र वापरतात, तेच आता फुग्याच्या आत बसवून कठीण थराला तडे दिले जातात. या साधनास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

औषध लेपलेला फुगा हे दुसरे साधन. तो फुगविल्यावर औषध भिंतीत उतरते आणि फुगा बाहेर काढला जातो. धातू मागे राहत नाही. जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेल्या अडथळ्यांसाठी त्याचा उपयोग २००६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रथम दाखवून दिला. मात्र नव्या अडथळ्यांसाठी सर्वत्र स्टेंटऐवजी फुगाच वापरावा काय, याचे उत्तर अद्याप होकारार्थी मिळालेले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका मोठ्या चाचणीत असा फुगा स्टेंटची बरोबरी करू शकला नाही. संशोधन चालू आहे.

९. भारतातील वाटचाल आणि किमतीचा प्रश्न

भारतात अँजिओप्लास्टीचा प्रसार १९८० च्या दशकाच्या मध्यापासून झाला. ग्रुंट्झिग यांच्याकडे शिकून आलेले चेन्नई येथील डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांचा गौरव ‘भारतातील अँजिओप्लास्टीचे जनक’ असा केला जातो. स्टेंट परदेशातून येत असल्याने ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. १९९० च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबाद येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांच्या प्रयत्नांतून स्वदेशी ‘कलाम-राजू स्टेंट’ तयार झाला. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रातील ज्ञान रुग्णाच्या कामी आले.

पुढे सुरत आणि वापी येथे हा उद्योग वाढला. सुरत येथे हिऱ्यांना पैलू पाडण्यासाठी वापरात असलेले लेसरचे कसब धातूची सूक्ष्म जाळी कापण्याच्या कामी आले, ही मोठी अर्थपूर्ण घटना होय. २०१९ मध्ये युरोपातील १,४३५ रुग्णांवरील चाचणीत सुरतचा एक स्टेंट तेथील प्रस्थापित स्टेंटच्या तोडीचा ठरला. ‘परदेशी तेच उत्तम’ या समजुतीचा आधार त्यामुळे उरला नाही.

किमतीच्या बाबतीत निर्णायक वर्ष २०१७ होय. स्टेंटचा समावेश २०१६ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत झाला होता. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटसाठी रु. ७,२६० आणि औषधवेष्टित स्टेंटसाठी रु. २९,६०० अशी कमाल किंमत ठरविली. तत्पूर्वी औषधवेष्टित स्टेंटची छापील किंमत सरासरी रु. १ लाख २० हजारांच्या घरात होती. त्यानंतर या मर्यादा वेळोवेळी बदलल्या आहेत. बिलात स्टेंटची किंमत, नाव, उत्पादक व बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखविणेही रुग्णालयांना बंधनकारक झाले.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा अंतर्भाव आहे. म्हणजेच देणगीदाराचा रुपया आता एकटा नाही. कायदा व शासन यांच्या जोडीने तो काम करतो. म्हणूनच तो कोठे खर्चावा, याचा पुनर्विचार क्रमप्राप्त ठरतो.

१०. विश्वस्त व देणगीदार यांच्या विचारार्थ

या इतिहासावरून कोणतेही नवे साधन विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे प्रशासनास वाटते. पहिला, याची तुलना जुन्या साधनाशी रीतसर झाली आहे काय? दुसरा, त्या रुग्णांवर निदान दोन-तीन वर्षे लक्ष ठेवले गेले आहे काय? तिसरा, लाभ कोणत्या रुग्णांना झाला आणि तसे रुग्ण आपल्याकडे किती येतात? चौथा, त्याच रकमेत आज दुर्लक्षित असलेली कोणती गरज भागली असती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस रोज खिडकीपाशी दिसते. स्टेंटसाठी देणगी मिळते. एका स्टेंटने एका रुग्णाचे प्राण वाचले, असे सांगता येते, देणगीदाराचे नाव पाटीवर कोरता येते. गोळीसाठी देणगी मिळत नाही. वस्तुतः स्टेंट बसविल्यावर दोन्ही रक्तकणिकाविरोधी गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा सहा महिने ते एक वर्ष, खंड न पाडता घ्याव्या लागतात. त्यानंतरही एक गोळी व मेद कमी करणारे औषध दीर्घकाळ चालते. हातावर पोट असणारा रुग्ण बरे वाटू लागताच पहिली काटकसर करतो ती या गोळ्यांत. आणि गोळ्या अवेळी बंद करणे हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे एक प्रमुख कारण आहे. हजारो रुपयांची जाळी काही रुपयांच्या गोळीअभावी व्यर्थ जाते. कधी तिच्याबरोबर माणूसही जातो.

यास्तव अशी विनंती आहे की, ज्या निधीतून गरजू रुग्णास स्टेंट दिला जाईल, त्याच निधीतून त्याच्या पहिल्या वर्षाच्या औषधांची तरतूद स्टेंटच्या दिवशीच बाजूला काढून ठेवावी. लेखाशास्त्रात मालमत्ता घेताना तिच्या देखभालीची तरतूद करण्याची रीत आहे. मनुष्याच्या हृदयाला ती नाकारण्याचे कारण नाही. या देणगीला पाटी नसेल. तिचे फळ मात्र घडून न आलेल्या दुसऱ्या झटक्यात असेल.

११. रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी

अँजिओग्राफीनंतर निर्णय विचारला जातो, तेव्हा मन गोंधळलेले असते. झटका आला असेल तर वेळ दवडू नये. संमती तत्काळ द्यावी. पैशाचा विचार समाजसेवा विभागाकडे सोपवावा. विकार स्थिर असेल तर मात्र निःसंकोच विचारावे : हा उपचार आजच आवश्यक आहे काय? औषधांनी काय साधेल? अडथळ्याचा दाब मोजणे उपयुक्त ठरेल काय? अनेक वाहिन्या बाधित असतील, विशेषतः मधुमेह असेल, तर बायपास अधिक हिताची आहे काय? प्रश्न विचारल्याने कोणाही सुजाण डॉक्टरला राग येत नाही.

रुग्णास घरी नेताना स्टेंटची चिकटपट्टी डिस्चार्ज कार्डावर लावलेली आहे ना, हे पाहावे आणि ते कार्ड जपून ठेवावे. दात काढणे वा अन्य शस्त्रक्रियेसाठी कोणी गोळ्या बंद करण्यास सांगितल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञास विचारावे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला वेळीच आणावा. साहाय्य मिळण्यास विलंब होतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे. आणि घरात तंबाखू व विडी-सिगारेट असेल तर ती रुग्णापुरती नव्हे, सर्वांपुरतीच बंद करावी.

समारोप

या नळीच्या प्रवासाला शंभर वर्षे पूर्ण होत आली. स्वतःच्या शिरेत नळी घालणारा तरुण, पाय कापू न देणारी वृद्धा, स्वयंपाकघरातील फुगे, शीतपेटीत जपलेला मातीतला जिवाणू आणि चाचण्यांत नाव न छापता सहभागी झालेले सहस्रावधी रुग्ण, या सर्वांच्या ऋणावर आजचा उपचार उभा आहे. त्यात देणगीदारांच्या औदार्याची भर पडते, तेव्हा तो उपचार गरजू रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. ते औदार्य ज्ञानपूर्वक व्हावे, इतकीच या लेखामागील इच्छा. औषधांच्या तरतुदीविषयीची सूचना विश्वस्त मंडळाच्या आगामी सभेपुढे विचारार्थ ठेवण्यात येत आहे. आपल्या सूचना लेखी कळविल्यास त्या सभेपुढे अवश्य मांडल्या जातील.

— प्रशासक